फाट्याचं तिकीट

बेलटाकळीत सकाळी सात वीसला बस येते, समाजमंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत वळण घेते आणि आली तशी वर्ध्याच्या रस्त्याला लागते. त्या बसमध्ये दरवाज्यामागच्या पहिल्या सीटवर एकोणीस वर्षं एकच बाई बसत आली आहे. सुलोचना नगराळे. सीटवर तिचं नाव लिहिलेलं नाही. पण दुसरं कोणी तिथं बसलंच तर ती एक शब्द बोलत नाही, फक्त शेजारी येऊन उभी राहते. दोन मिनिटांत माणूस आपणहून उठतं.

वय बावन्न. शिक्षण सातवी पास. माहेर कारंजा घाडगेजवळचं, हायवेला लागून असलेलं. तिथल्या ढाब्यावर भांडी घासता घासता ती हिंदी शिकली आणि ट्रकवाल्यांशी भांडायलाही तिथंच शिकली. लग्न होऊन बेलटाकळीत आली. नवरा सेंट्रिंगच्या कामावर जायचा, दोन हजार पाच साली काविळीनं गेला. मुलगा रत्नदीप तेव्हा पाच वर्षांचा. पुढच्या वर्षी वर्ध्याच्या एका खाजगी दवाखान्यात तिला आयाची नोकरी लागली. ड्युटी सकाळी आठ ते पाच. रात्रपाळीची आया आठला निघते, तेव्हा आठ म्हणजे आठ. रोगी उचल, चादर बदल, भांडं दे. एकोणीस वर्षांत तिच्या कमरेचं वाटोळं झालं, पण आठची वेळ चुकली नाही. ती चुकली नाही याचं अर्धं श्रेय त्या सात वीसच्या बसचं, हे ती स्वतः कबूल करायची. बाकीचं अर्धं स्वतःकडे ठेवायची.

आता तिकिटाची गोष्ट. तिच्याशिवाय सुलोचनाबाई समजायची नाही.

बसचं भाडं टप्प्यावर असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक टप्पा बेलटाकळीच्या फाट्यावर संपतो. तिथं काय आहे? एक कडुनिंब, एक बंद पडलेली चहाची टपरी आणि वर्ध्याकडे जाणारा डांबरी रस्ता. घर एकही नाही. तिथून गाव दीड किलोमीटर आत. पण भाड्याच्या हिशोबात ते दीड किलोमीटर पुढच्या टप्प्यात जातं, म्हणून गावात चढलं की पूर्ण एक टप्पा जास्त द्यावा लागतो. सुलोचनाबाईला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात हे खटकलं. तिनं भर बसमध्ये कंडक्टरला धरलं.

"दीड किलोमीटरचा पूर्ण टप्पा कसा काय होते भाऊ?"

"बाई, टप्पा वरून पडते. मी नाई पाडत," कंडक्टर म्हणाला.

"मंग असं करा. गावापासून फाट्यालोक मी तुमची पाहुनी. पाहुनीले कोनी तिकीट मागते काय? फाट्यापासून पुढं मी पॅसेंजर. द्या फाट्याचं."

बस हसली. कंडक्टरही हसला आणि त्यानं फाट्याचं तिकीट फाडलं. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवरच्या दोघी म्हणाल्या, आमी बी पाहुन्या. आठवड्याभरात सगळं गाव पाहुणं झालं. परत येतानाही वर्ध्याला तिकीट फाट्याचं घ्यायचं आणि उतरायचं गावात. कंडक्टर बदलत गेले, पेटीतली तिकिटं जाऊन मशीन आली, पण जुना कंडक्टर नव्याला रस्त्यातल्या खड्ड्यांसोबत हेही सांगून जायचा, की बेलटाकळीत चढला त्याला फाटा द्यायचा. बायकांना अर्धं तिकीट झालं. मग वाचत किती होतं? चहाचा कपही येत नाही तेवढ्यात. तरी तोंडातून फाटाच निघायचा. कॉलेजातल्या पोरींचे पास निघाले, त्यावरही थांबा लिहिला फाटा. आणि गावात जो तो सांगायचा, हे आपल्या सुलोचनाबाईनं करून घेतलं. ऐकताना तिची मान ताठ व्हायची. का होऊ नये? गरिबाच्या बाईनं कायद्याला एक टप्पा मागे रेटला होता.

जानेवारीत एका सकाळी कैलासनं तिच्या हातात तिकीट दिलं आणि तिथंच उभा राहिला. कैलास म्हणजे आत्ताचा कंडक्टर, सिंदी मेघेचा, तिशीतला, तिला मावशी म्हणणारा.

"मावशी, एक गोष्ट सांगतो. कालवा नका करू."

"कालवा करायचा असन तं करीनच. बोल."

"एक मार्चपासून हे सात वीसची फेरी बंद. कागद निघाला. आपल्या गाडीचं भारमान नाई म्हनते."

"भारमान म्हनजे?"

"म्हनजे गाडीत मानसं कमी."

सुलोचनाबाईनं मागे वळून पाहिलं. सगळ्या सीट भरलेल्या नव्हत्या, पण पंधरा-सोळा माणसं होती. त्यातल्या सात पोरी कॉलेजच्या. तिनं कैलासकडे पाहिलं.

"हे काय मेंढरं हायेत?"

"मी सांगून राह्यलो फक्त," कैलास म्हणाला आणि मागच्या सीटकडे सटकला.

बस बंद झाली तर काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. फाट्यावरून जाणारी पहिली मोठी गाडी सव्वाआठला. वर्ध्यात पोचेपर्यंत पावणेनऊ. दवाखान्याच्या मॅडमनी तीन दिवस ऐकून घेतलं असतं, चौथ्या दिवशी दुसरी आया ठेवली असती. रत्नदीप वर्ध्याला मोबाईलच्या दुकानात कामाला. त्याचं दुकान दहाला उघडतं, तो नऊला मोटरसायकलवर निघतो. त्यानं त्याच संध्याकाळी दोन उपाय काढले.

"मी सोडतो तुले रोज. साडेसातले निघू."

"आन माझी कंबर? डॉक्टरनं सांगितलं नाई काय, गाडीवर मागं बसायचं नाई म्हनून? त्या पवनारच्या अलीकडच्या खड्ड्यात मी दोन तुकडे होऊन पडीन. एक तुकडा ड्युटीले जाईन, एक घरी येईन."

"मंग सिंदी मेघेत खोली पाह्यली मी. दोस्ताच्या घराच्या वर. तठून दवाखाना ऑटोनं दहा मिनिटं. रविवारी येत जाजो घरी."

सुलोचनाबाईनं जेवण थांबवलं. हे घर तिनं नवरा गेल्यावर स्वतः विटा वाहून उभं केलं होतं. मागे चार शेवग्याची झाडं, एक हातपंप, शेजारी जिच्याशी गेली दहा वर्षं अबोला आहे अशी जाऊबाई. या सगळ्याला रविवारी भेटायला यायचं?

"पाहुनी म्हनून येऊ काय मी माह्या घरी?" ती म्हणाली.

रत्नदीप हात धुवायला उठला. पण खोलीवाल्याला त्यानं नाही म्हटलं नाही, बसचं नक्की होईपर्यंत थांब म्हणाला. हे तिला मागून कळलं.

सुट्टीच्या दिवशी ती डेपोत गेली. सोबत अंकिताला नेलं. अंकिता ही गावातल्या महादेवरावांची नात, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, त्याच बसनं जाणारी. अर्ज तिनं लिहिला होता, सुबक अक्षरात, 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे. सुलोचनाबाईला अर्जावर भरवसा नव्हता. आवाजावर होता.

डेपोतले साहेब वयस्कर, डोळ्यांवर झोप आलेले, वाईट नव्हते. त्यांनी अर्ज वाचला, दोघींना बसायला सांगितलं. सुलोचनाबाई बसली नाही.

"साहेब, रोज पंधरा-सोळा मानसं चढतात गावातून. तुमच्या माणसाले डोळे नाई काय? इथं बसल्या बसल्या कागद काढता. या एक दिवस सकाळी. च्या पाजतो."

साहेबांनी वाद घातला नाही. समोरचा कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला आणि पेनानं एक ओळ दाखवली. "वाचता येतं ना? हे तुमचं गाव. तीन महिने. सकाळच्या फेरीला गावातून चढलेले प्रवासी."

तिनं वाचलं. तीन महिन्यांत अकरा.

"खोटं हाये हे."

"मशीन आहे बाई. मशीन कशाला खोटं बोलेल? आता ही खालची ओळ पाहा. बेलटाकळी फाटा. रोज चौदा, सोळा, पंधरा. पासवाल्या मुलीही फाट्याच्याच. म्हणजे काय, की फाट्यावर बरीच वस्ती आहे. ती माणसं सव्वाआठच्या गाडीनं येऊ शकतात. मग मी रिकामी बस दीड किलोमीटर आत आणि दीड किलोमीटर बाहेर कशाला फिरवू? कोणासाठी डिझेल जाळू?" त्यांनी कॉम्प्युटर परत आपल्याकडे वळवला. "मला सांगा, फाट्यावर एवढे लोक राहतात तरी कुठं?"

अंकितानं तोंड उघडलं. सुलोचनाबाईनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

फाट्यावर कोण राहतं? कडुनिंब राहतो. एकोणीस वर्षं आपणच आपल्या हातानं आपलं गाव त्या मशीनमधून पुसलं, हे तिला त्या खुर्चीजवळ उभ्या उभ्या समजलं. आणि तोंडातून खरं निघालं तर आधी मरेल कैलास, हेही त्याच क्षणी समजलं. तिनं अर्ज टेबलावर ठेवला, पोच मागितली, शिक्का मारून घेतला आणि बाहेर पडली.

बसस्टँडवर अंकिता म्हणाली, "आजी, सांगून टाकलं असतं तं?"

"काय सांगतं? आमी सारे चोर हाओत, आन कंडक्टर आमच्यात सामील हाये?"

"मंग घरी काय सांगायचं?"

"काही नाई सांगायचं. मले इचार करू दे."

सुलोचनाबाईनं विचार करायला वेळ मागितला, ही बेलटाकळीत बातमी होण्यासारखी गोष्ट होती. ती चार दिवस कोणाशी नीट बोलली नाही. बसमध्ये कैलासनं नेहमीसारखं फाट्याचं तिकीट पुढं केलं, तिनं नेहमीसारखं घेतलं आणि मुठीत चुरगाळलं.

पाचव्या दिवशी तिनं दवाखान्यातून रजा घेतली. सकाळी साडेसहाला गावाबाहेरच्या पुलावर जाऊन बसली, डोक्याला मफलर गुंडाळून, पदरात मूठभर चिंचोके घेऊन. गावातून बाहेर जाणारी मोटरसायकल दिसली की एक चिंचोका डाव्या हाताला. मागे कोणी बसलेलं असलं की त्याचा एक उजव्या हाताला. धुकं होतं. गाड्या गेल्या की धूर त्या धुक्यातच अडकून राहायचा आणि पुलावर बसलेल्या माणसाला तो गिळावा लागायचा. ओळखीची पोरं थांबून विचारत होती.

"काकू, अठी काऊन बसल्या?"

"तुह्या गाडीची नजर काढाले. जाय."

साडेनऊला तिनं मोजलं. मोटरसायकली बेचाळीस. त्यांच्यावर माणसं सत्तेचाळीस. म्हणजे एक एक माणूस एक एक इंजिन घेऊन त्याच रस्त्यानं, त्याच वर्ध्याला, तासा-दोन तासाच्या फरकानं गेला होता. तिनं चिंचोके पुन्हा पदरात बांधले. डेपोच्या साहेबाला दीड किलोमीटरचं डिझेल दिसत होतं. या बेचाळीस टाक्यांतलं पेट्रोल कोणाच्याच कॉम्प्युटरवर दिसत नव्हतं.

तोवर गावाला कागदाची खबर लागली होती. रविवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सभा बसली. महादेवराव मधोमध. महादेवराव म्हणजे गावातले जुने कास्तकार, माजी उपसरपंच, सत्तरीचे. गावात कोणती गोष्ट मोठ्या माणसाला शोभते आणि कोणती नाही, हे लोक त्यांच्याकडे पाहून ठरवतात. त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, नवी मोटरसायकल आहे, आणि आवाज असा, की माइक लागत नाही.

"फाट्यावर रास्ता रोको करू," ते म्हणाले. "दोन घंटे रस्ता बंद. पेपरात फोटो आला की डेपो आपोआप वाकते. आन पुढं कोन बसन? सुलोचनाबाई. तिच्यापुढं पोलिस बी दोन पाय मागं सरते."

टाळ्या झाल्या. रास्ता रोको ही सोपी गोष्ट असते, हे रस्त्यावर बसलेल्याला माहीत असतं. डांबरावर बसा, घोषणा द्या, दुपारी पोलिसांच्या गाडीत बसून नाश्ता करून परत या. त्यात बिघडत काही नाही आणि घडतही फार नाही. पण मान मिळतो. सुलोचनाबाईला मान आवडायचा. सगळे तिच्याकडे पाहत होते. ती उठली, पण मधोमध न जाता जागच्या जागीच उभी राहिली. असं तिचं कधी झालं नव्हतं.

"रास्ता रोको करून काय मांगायचं?" ती म्हणाली.

"बस मांगायची. काय मांगतं बाप्पा, ऊस?" मागून कोणीतरी म्हणालं.

"डेपोत मी गेलती. त्याईच्या मशीनीत आपलं गावच नाई. तीन महिन्यात अकरा मानसं. बाकी सारे फाट्याचे. आन ते फाट्याचं तिकीट," तिनं श्वास घेतला, "ते म्या चालू केलं. तुमाले सारं माहीत हाये. मले वाटलं, आपून त्याईले एक टप्पा फसवला. आपून आपलीच बस फसवली."

ओट्यावर सगळे एकदम बोलायला लागले. एकानं सांगितलं, हे कोणाला सांगू नका, एकोणीस वर्षांचा दंड वसूल करतील. दुसरा म्हणाला, तिच्यामुळंच झालं. तिसऱ्यानं ऐकवलं, तुझी बायको काय पूर्ण तिकीट घेत होती? कोपऱ्यातून नत्थूभाऊ उठले. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी.

"मी तं फुकट जातो. सरकारनंच फुकट केलं. मंग माहा काय गुन्हा? मले काऊन नाई मोजलं?"

"तुमचं फुकटचं तिकीट बी कैलास फाट्याचंच काढते, नत्थूभाऊ," सुलोचनाबाई म्हणाली.

"फुकटचं बी?" नत्थूभाऊंनी काठी टेकवली. "मंग लय झालं हे."

हसू फुटलं. महादेवराव हसले नाहीत. "म्हनजे सुलोचनाबाई, हे सारं तुमचं करून झालं, आन आता आमी काय करावं म्हनता?"

त्यात टोमणा होता. दुसरा दिवस असता तर तिनं त्यांना त्यांच्याच ओट्यावर उलटं टांगलं असतं. तिनं पदर सोडला आणि चिंचोके त्यांच्यासमोर ओतले.

"हे मोजा. बेचाळीस गाड्या, सत्तेचाळीस मानसं. एका सकाळी. सात ते आठच्या मधात त्यातले एकोनीस. त्याईची ड्युटी बी आठची, माही बी आठची. मी बसनं जातो तं पोचतो, हे गाडीनं काऊन जातात? रस्त्यानं धूर सोडत, थंडीत कान बांधून? मले एक महिना पायजे. चढायचं गावात, तिकीट गावाचं. आन ज्याले आठले पोचायचं हाये त्यानं गाडी घरी ठेवायची."

"बसनं गेलं की लोक इचारतात, गाडी इकली काय म्हनून," एमआयडीसीत जाणारा राकेश म्हणाला.

"सांगजो, हाव इकली. काय जाते तुहं?"

कोणी हो म्हणालं नाही. सभा तशीच उठली. रास्ता रोकोही बारगळला, कारण आता मागायचं काय हेच कोणाला कळेना.

ती दुसऱ्या दिवशी एकटीच डेपोत गेली. साहेबांना म्हणाली, मार्चचा एक महिना फेरी चालू ठेवा आणि गावाच्या ओळीकडे पाहत राहा. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे फाट्यावरचे लोक गावात राहायला जाणार म्हणता?"

"हाव साहेब. सारेच एकदम जाऊन राह्यले."

साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "रोज तीस दाखवा. मार्च संपेपर्यंत थांबतो."

बसमध्ये कैलासनं हळूच विचारलं, "मावशी, माझं नाव नाई ना निघालं?"

"तुहं नाव हाये काय? मी तं तुले कंडक्टर म्हनूनच ओयखतो. गावाचं तिकीट काढ."

पहिला दिवस, अठरा. पास नव्यानं काढायला अंकितानं सातही पोरींना एकाच दिवशी खिडकीवर उभं केलं, म्हणून त्या मोजल्या जायला लागल्या. नत्थूभाऊ रोज कारण नसताना बसायला लागले. पवनारला उतरून नदीकाठी ऊन खायचे, परतीच्या गाडीनं यायचे आणि कैलासला विचारायचे, "कुठलं काढलं? दाखव." दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा अठरा. सुलोचनाबाई सातपासून समाजमंदिरासमोर उभी राहायची आणि जाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलीला हात दाखवायची. काही थांबून कारणं सांगायचे. संध्याकाळी ओव्हरटाइम असतो. मधे पोराला शाळेत टाकायचं असतं. ही कारणं खरी होती आणि तिला ती ऐकून घ्यावी लागत होती, हेच तिला जड जात होतं. रत्नदीपशीही ती भांडली.

"माय, सात वीसले जाऊन मी दहालोक काय करू? शटरसमोर बसू?"

तिनं त्याच्या दुकानाचे वार बोटांवर मोजले.  शेवटी म्हणाली, "शनवारी तुमचा माल येते तवा लवकर जातं ना? त्या दिवशी तरी."

"शनवारी येतो," तो म्हणाला. आणि तो यायचा, दर शनिवारी, शेवटच्या सीटवर, कानात वायर घालून.

आठव्या दिवशी महादेवराव आले. रोज सकाळी ते पवनारच्या दोन हॉटेलांत दूध घालायला मोटरसायकलवर जायचे. त्या दिवशी हातात कॅन घेऊन ते पायीच बसजवळ आले. धोतर स्वच्छ, चेहरा असा, की जणू रोजच येतात. सुलोचनाबाईनं आपली पहिली सीट सोडली नाही, नुसतं पाहिलं.

"घुटना दुखून राह्यला," ते कोणालाही न पाहता म्हणाले. "डॉक्टर म्हनते, चार दिवस गाडी चालवू नका."

"कोन्ता घुटना, आजोबा?" अंकितानं विचारलं.

"बस चूप."

कॅनचं वेगळं तिकीट लागेल, असं कैलास भीत भीत म्हणाला. महादेवरावांनी न कुरकुरता काढलं. त्यांचे चार दिवस संपले नाहीत. पुढच्या आठवड्यात एमआयडीसीतले सहा जण एकत्र चढले, राकेश सगळ्यात पुढं. महादेवराव जात असतील तर गाडी विकली काय, असं कोण कोणाला विचारणार? त्या सहा जणांनी बसमध्ये मोबाईलवर गाणी लावली तेव्हा सुलोचनाबाईनं त्यांना असं झापलं, की त्यातले दोघे दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. माफी मागितली नाही. म्हणाली, "गानं लावा, पन हळू." तिच्याकडून एवढंच मिळतं आणि गावाला तेवढं पुरतं.

मार्च संपला तेव्हा रोजचे सरासरी सव्वीस झाले होते. तीस नाही. शेवटचे चार कुठून आणायचे यावर तिनं डोकं फोडून घेतलं होतं. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी ती साहेबांसमोर उभी राहिली. या वेळी बसली.

"सव्वीस," साहेब म्हणाले.

"मले माहीत हाये. चार कमी. ते मी आनू शकली नाई."

साहेबांनी स्क्रीनवर वर-खाली पाहिलं. "सकाळची ठेवतो. सव्वीस वाईट नाही. पण संध्याकाळची सहाची गाडी आत जाणार नाही, तिला नऊच मिळतात. एमआयडीसीवाले कधीही येतात, पोरी दुपारीच येतात. ती फाट्यापर्यंत. त्यात मी काही करू शकत नाही."

तिनं भांडायला तोंड उघडलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, की या माणसानं दिलेला आकडा तिचाच आहे, तिच्याच गावातल्या लोकांनी भरलेला. त्याच्याशी काय भांडणार?

"ठीक हाये. पन दहाच्या आधी एक गाडी पायजे. आमच्या गावची दुकानात जानारी पोरं हायेत, नऊले निघतात. तेवीस गाड्या. मी मोजल्या हायेत."

"आधी ही टिकवा बाई."

"ते टिकन. तुमी त्या गाडीचा इचार करा." ती उठली. दारातून परत वळून म्हणाली, "आन साहेब, एक दिवस सकाळी च्या प्याले या."

घरी येऊन तिनं रत्नदीपला सांगितलं, खोलीवाल्याला फोन कर, येत नाही म्हणून. रत्नदीपनं तिथंच केला. फोन ठेवून म्हणाला, "तो म्हनते, बरं झालं, त्याले दुसरा भाडेकरू मिळून राह्यला." सुलोचनाबाई म्हणाली, त्याला कोणीही मिळू दे. आणि शेवग्याच्या शेंगा तोडायला मागे गेली.

आता संध्याकाळी ती फाट्यावर उतरते. तिच्यासोबत आठ-नऊ जण असतात, कधी वर्ध्याची कामं उरकून महादेवरावही, रिकामा कॅन घेऊन. दीड किलोमीटर चालायचं. तिच्या कमरेला चालणं सोसतं, डॉक्टरनंही चालायलाच सांगितलं आहे. सगळे पूर्ण रस्ता अडवून चालतात, तिची जाऊबाई आणि ती रस्त्याच्या दोन कडांनी. मागून मोटरसायकलचा हॉर्न वाजला की कोणी घाई करत नाही.

"बसता काय काकू?" मोटरसायकलवरचा पोरगा वेग कमी करून विचारतो.

"तू जाय," ती म्हणते. "आमचं बोलनं अर्ध्यात हाये."